अश्वशक्ती आणि अधिकार

मोक्षाच्या अनेक मार्गांपैकी सर्वश्रेष्ठ मार्ग कोणता, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या पिढ्या विचारला गेला आहे, आणि ज्ञान, भक्ती, कर्म व योग यांच्या कैवाऱ्यांनी त्यावर इतके ग्रंथ रचले आहेत, की मुळात प्रश्नच नीट मांडला गेला आहे की नाही हे तपासून पाहण्याची सवड फार थोड्यांनी काढली. ज्यांनी ती काढली त्यांचे उत्तर अधिकारभेदाचे आहे. साधनाची श्रेष्ठता साधनाच्या पोटात नसते. ती साधक आणि साधन यांच्या संबंधात असते. एकाला तारणारे साधन दुसऱ्याला बुडवू शकते, आणि म्हणून कोणते साधन चांगले हे विचारण्यापूर्वी कोणासाठी व कशासाठी हे विचारले पाहिजे, असे हे मत सांगते. ते मला नेहमीच खरे वाटत आले आहे आणि तितकेच धोक्याचेही. कारण याच तत्त्वाच्या आधाराने काहींना आपापली वाट सापडली असली, तरी त्याच्याच आधाराने असंख्यांना दारातून परत फिरवण्यात आले.

या मतातील सत्य कोठे संपते आणि अन्याय कोठे सुरू होतो, याचा शोध घेताना मला ग्रंथांइतकाच उपयोग झाला तो एका निराळ्या विद्येचा. रेडिओच्या संदेशांवर उडणाऱ्या छोट्या विमानांसाठी इंजिन निवडण्याच्या विद्येचा. नंदुरबारसारख्या सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आणि मिरचीच्या बाजारासाठी ख्यात असलेल्या मुलखात या विद्येची चर्चा काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु जेथे आठवी-नववीतली मुले थर्माकोल आणि फोमच्या पत्र्यांतून पंख कापू लागली आहेत, तेथे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्वांत चांगले इंजिन कोणते? हा प्रश्न आणि मोक्षमार्गाविषयीचा तो पुरातन प्रश्न यांची ठेवण एकच आहे, आणि दोहोंची चूकही एकच आहे.

ज्याला या कामाची माहिती आहे तो मुलाच्या प्रश्नाला उत्तर न देता त्याला उलट प्रश्न विचारतो. विमानाचे वजन किती? पंखांचे क्षेत्रफळ किती? उडवणारा नवशिका की सरावलेला? विमान संथपणे घिरट्या घालण्यासाठी हवे की कसरतींसाठी? शिकाऊ विमान, ज्याला सगळेच ट्रेनर म्हणतात, ते बहुधा दीड मीटर पसरलेल्या उंच पंखाचे आणि अडीच किलोच्या आसपास वजनाचे असते. त्याला साडेसहा सीसीचे, म्हणजे या व्यवहारात ‘चाळीस’ म्हणून ओळखले जाणारे, टू-स्ट्रोक ग्लो इंजिन आणि दहा इंच व्यासाचा प्रॉपेलर शोभतो. आता एखाद्या हौशी पालकाने, देता येईल ते उत्तमच द्यावे या प्रेमळ समजुतीने, त्याच विमानावर दहा सीसीचे इंजिन चढवले तर काय होईल? नाकाशी दोनशे ग्रॅमच्या आसपास अधिक वजन येईल. गुरुत्वमध्य, जो पंखाच्या रुंदीच्या पुढल्या पावाशी ते तिसऱ्या हिश्श्याशी राहायला हवा, तो पुढे सरकेल. त्याची भरपाई म्हणून शेपटीकडे शिसे बांधावे लागेल, आणि मग ते सगळे वजन पेलण्यासाठी विमानाला उतरतानाही अधिक वेग लागेल. ज्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन बसवण्याच्या पुढल्या फळीवर, हे इंजिन थरथरत राहील, ती फळी त्या थरथरीसाठी घडवलेली नसेल. आणि एखाद्या सुरकांडीत वेग बेतापलीकडे गेला तर शेपटीचे हलते भाग फडफडू लागून बिजागऱ्यांपासून उखडतील. नवशिक्याचा हात या साऱ्याला पुरा पडणार नाही, हे वेगळे सांगावयास नको. उलटपक्षी चार सीसीचे लहान इंजिन बसवले, तर विमान धावपट्टीवरून कसेबसे उठेल, पहिल्याच वळणावर वेग हरवून स्टॉल होईल आणि नाकावर आदळेल. शक्तीचा अतिरेक आणि शक्तीची न्यूनता, दोन्ही एकाच मातीत येऊन मिळतात.

इंजिनांच्या जातींविषयीही हेच. टू-स्ट्रोक हलके, स्वस्त, रचनेने सोपे, मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेणारे आणि कर्कश आवाजाचे; फोर-स्ट्रोक त्याच मापात जड व महाग, पण कमी फेऱ्यांत मोठा प्रॉपेलर फिरवणारे आणि आवाजाने सौम्य. 1936 साली ओसाकामध्ये स्थापन झालेल्या ओ. एस. या कारखान्याने 1976 साली फोर-स्ट्रोक इंजिन मोठ्या प्रमाणावर विक्रीस आणले, म्हणून टू-स्ट्रोक निकालात निघाले नाही. विजेची ब्रशलेस मोटर आली, म्हणूनही दोन्ही निकालात निघाली नाहीत. ज्याने त्याने आपले काम राखले. एकाच मोटरवर प्रॉपेलर बदलला की तिचा स्वभाव बदलतो: व्यास वाढवून पिच, म्हणजे पात्यांचा पीळ, कमी केला तर ओढ वाढते आणि वेग घटतो, पिच वाढवला तर उलट, आणि चुकीचा प्रॉपेलर जोडला तर उत्तम मोटर तापून जळते.

सारंगखेड्याच्या यात्रेत ज्यांनी घोड्यांचा सौदा पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. दत्तजयंतीला तापीच्या काठी भरणाऱ्या त्या बाजारात दूरदूरचे सौदागर येतात. कोणी पंचकल्याणी पाहतो, कोणी देवमण शोधतो, कोणी दात पाहून वय ठरवतो, कोणी रेवाल चालीवर भुलतो. पण जाणता गिऱ्हाईक आधी हे ठरवून आलेला असतो की घोडा वरातीत नाचवायचा आहे, टांग्याला जुंपायचा आहे, की शर्यतीत पळवायचा आहे. आणि जो हे ठरवून येत नाही, तो सर्वांत मोलाचा घोडा विकत घेऊनही घरी तक्रार घेऊन जातो.

या गोष्टीला इतिहासाचा एक दाखला असा आहे की त्याच्यावर मी थोडे अधिक रेंगाळणार आहे. 1903 साली अमेरिकेत माणसाला घेऊन उडणारे यंत्र बनवण्याची दोन ठिकाणी शिकस्त चालू होती. एका बाजूस स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस सॅम्युअल लँग्ली होते, ज्यांच्या वाफेवर चालणाऱ्या मानवरहित विमानाने 1896 च्या मे महिन्यात पोटोमॅक नदीवर यशस्वी उड्डाण केले होते, आणि ज्यांच्या पाठीशी सरकारी द्रव्य होते. त्यांचे सहायक चार्ल्स मॅनली यांनी घडवलेले इंजिन त्या काळचे नवल होते: 52 अश्वशक्ती, आणि पाण्यासह वजन 200 पौंडांच्या किंचित वर. दुसऱ्या बाजूस डेटनचे सायकलवाले राइट बंधू होते. त्यांनी हिशेब करून आपल्याला किमान आठ अश्वशक्ती लागतील असे ठरवले, कारखानदारांकडे पत्रे धाडली, कोणी हवे तसे इंजिन देईना, तेव्हा त्यांच्याच दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत एक इंजिन घडवले. ते सुमारे 12 अश्वशक्तीचे होते आणि वजनाने मॅनलीच्या इंजिनाहून फारसे हलके नव्हते. 7 ऑक्टोबर आणि 8 डिसेंबर या दोन्ही दिवशी लँग्लींचे विमान नौकेवरून सुटताच नदीत कोसळले. नंतर नवव्या दिवशी, 17 डिसेंबरला, राइट बंधूंच्या विमानाने किटी हॉकच्या वाळूवर चार उड्डाणे केली, त्यांतले शेवटचे 59 सेकंदांचे आणि 852 फुटांचे.

लँग्लींच्या पक्षाने प्रक्षेपणयंत्राला दोष दिला, आणि तो अगदीच निराधार असेल असे नाही. परंतु ज्यांनी त्या सांगाड्याचा अभ्यास केला आहे त्यांना त्याची खरी दुर्बलता त्याच्या मापात दिसते. लहान प्रतिकृती उडाली, म्हणून तीच आकृती चौपटीने वाढवली गेली. पण लांबी चौपट झाली की पंखांचे क्षेत्रफळ सोळापट होते आणि वजन चौसष्टपट. जे लहान देहाला पुरेसे होते ते मोठ्या देहाला पुरेसे राहिले नाही, आणि पृथ्वीवरील अत्युत्तम इंजिन त्या देहाचे रक्षण करू शकले नाही. राइट बंधूंनी आधी ग्लायडर उडवून हवेत तोल सांभाळणे साध्य केले, पंखांचे नमुने वायुनलिकेत तपासले, प्रॉपेलरचे गणित स्वतः मांडले, आणि मग त्या देहाला लागेल तेवढीच शक्ती मागितली. मला या कथेत अध्यात्माचा एक मोठा सिद्धान्त दिसतो: सामर्थ्य मागण्याआधी ते धारण करण्याची रचना करावी लागते. तीव्र उपासना, कडक उपवास, दीर्घ प्राणायाम यांच्या मागे लागून शरीराची व मनाची मोडतोड झालेली माणसे आपण पाहिली आहेत. दोष साधनेचा नसतो, ज्या फळीवर ती बसवली त्या फळीचा विचार कोणी केलेला नसतो.

अधिकाराच्या विचारात देश आणि काळ यांचाही समावेश करावा लागतो, हेही इंजिन निवडण्याची ही विद्या शिकवते. कारखान्याच्या पत्रकावर छापलेली शक्ती ही थंड व दाट हवेत मोजलेली शक्ती असते. चैत्र-वैशाखात नंदुरबारचा पारा जेव्हा चव्वेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा येथील हवा पंधरा अंशांच्या प्रमाणित हवेपेक्षा शेकडा दहाच्या आसपास विरळ झालेली असते. इंजिनाला कमी प्राणवायू मिळतो, प्रॉपेलरला कापायला कमी हवा मिळते आणि पंखालाही कमी आधार मिळतो, म्हणजे तिहेरी घट. तोरणमाळचे पठार तर समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच. शहाद्याच्या मैदानात सुरेख चालणारे इंजिन तेथे नेले की मिश्रण हवेच्या मानाने अधिक इंधनाचे होऊन ते गुदमरते, आणि इंधनाचे प्रमाण राखणारा नीडल व्हॉल्व्ह थोडा आवळल्याशिवाय मोकळेपणाने फिरत नाही. इंजिन तेच, विमान तेच, उडवणारा तोच. तरी भूमी बदलताच योग्यता बदलली. धर्मशास्त्रांनी आचाराच्या प्रत्येक प्रश्नात देशकालाची अट घातली ती या दृष्टीने मला अत्यंत शास्त्रीय वाटते.

आता मूळ ग्रंथांकडे वळू. अधिकार म्हणजे काय, याची पूर्वमीमांसेइतकी काटेकोर चिकित्सा दुसऱ्या कोणत्याही दर्शनात झाली असेल असे मला वाटत नाही. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय या एकाच विषयाला वाहिलेला आहे. यज्ञ करण्याचा अधिकार कोणाला? ज्याला त्याच्या फळाची इच्छा आहे, ज्याच्या अंगी तो पार पाडण्याचे सामर्थ्य आहे, आणि ज्याला त्याचे ज्ञान आहे, त्याला. इच्छा, सामर्थ्य आणि ज्ञान: या तीन कसोट्या पाहून माझे मन त्या प्राचीन चिकित्सकांपुढे नमते, कारण विमानासाठी इंजिन निवडणारा जाणकारही नेमके हेच तपासतो. इतकेच नव्हे, जैमिनी पुढे जे खुलासे करतो ते आजही मनाला उमेद देणारे आहेत. ऐतिशायन नावाच्या आचार्याचा पक्ष असा, की अधिकार पुरुषालाच. जैमिनी तो खोडून स्त्रीलाही अधिकार आहे असे ठरवतो, मग भले पतीसह का होईना. द्रव्यहीनाला अधिकार नाही, अशी शंका आली, तर उत्तर असे, की द्रव्य मिळवता येते, म्हणून द्रव्याचा अभाव अधिकाराच्या आड येत नाही. अंगातील व्यंग औषधोपचाराने दूर होण्याजोगे असेल तर तेही आड येत नाही. जी उणीव भरून निघू शकते ती उणीव अपात्रता नव्हे, हा केवढा उदार सिद्धान्त आहे!

आणि याच अध्यायात असंख्यांना दारातून परत फिरवणारी भिंत उभी राहते. बादरी नावाचे आचार्य म्हणतात की फलाची इच्छा सर्वांनाच असल्यामुळे चारही वर्णांना अधिकार आहे. त्यांचे मत पूर्वपक्ष म्हणून मांडले जाते आणि फेटाळले जाते, कारण अग्नीच्या आधानाचे, म्हणजे यज्ञाचा अग्नी स्थापण्याचे, विधान तीनच वर्णांसाठी आहे. वेदान्तात शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या अपशूद्राधिकरणात हाच निर्णय कायम केला, आणि त्यासाठी त्यांना सामर्थ्याची व्याख्याच बदलावी लागली: लौकिक सामर्थ्य पुरेसे नाही, शास्त्राने दिलेले सामर्थ्य हवे. शूद्र गणल्या गेलेल्या विदुर आणि धर्मव्याध यांना झालेले ज्ञान त्यांनी नाकारले नाही, इतिहासपुराणांची वाट सर्वांस मोकळी ठेवली, हे न्यायबुद्धीने सांगितलेच पाहिजे. तरीही येथे काय घडले ते स्पष्ट आहे. तीन कसोट्या माणसाकडे पाहून लावता येत होत्या. चौथी लावण्यासाठी माणसाकडे पाहण्याची गरजच उरली नाही, त्याची सनद पाहिली की काम भागले. कसोटीची जागा सनदेने घेतली, आणि अधिकारभेदाचे सत्य तेथे संपले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. इंजिनाचा दृष्टान्त तर जन्मसिद्ध अधिकारालाच बळकटी देतो. चार सीसीचे इंजिन चार सीसीचेच जन्मते आणि कितीही प्रयत्नांनी दहा सीसीचे होत नाही, मग माणसाचेही तसेच का मानू नये? मला याची दोन उत्तरे सुचतात. पहिले हे, की इंजिनाच्या बाबतीतही जाणकार मनुष्य शिक्क्यावर विसंबत नाही. एकाच मापाची दोन इंजिने एकसारखी फिरत नाहीत. तो टॅकोमीटरने फेरे मोजतो, विजेच्या मोटरला वॉटमीटर लावतो, आणि मगच निर्णय देतो. शिवाय कोरे इंजिन पहिल्या दिवशी आपली शक्ती दाखवतच नाही. ते मुरवावे लागते: इंधनाचे प्रमाण मुद्दाम अधिक ठेवून, भरपूर एरंडेल मिसळून, टाकीमागून टाकी हलक्या हाताने चालवावे लागते, तेव्हा पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना ओळखतात. पहिल्याच टाकीला पूर्ण वेगाने पळवून, चालले नाही म्हणून ते बाद ठरवणारा मनुष्य इंजिनाविषयी काहीच सांगत नसतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. इंजिनाला इच्छा नसते. मीमांसकांनी अधिकाराचे पहिले लक्षण इच्छा हे मानले, आणि इच्छा ही अशी वस्तू आहे की ती उरलेली दोन, सामर्थ्य आणि ज्ञान, स्वतःच्या बळावर मिळवू शकते. यंत्रात आणि मनुष्यात जो भेद आहे तो येथे आहे. दृष्टान्त येथवरच चालतो, पुढे चालवू नये.

याच मुलखात, तळोदे तालुक्यात, 1937-38 च्या सुमारास संत गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात जी चळवळ उभी केली ती या संदर्भात मला विशेष अर्थपूर्ण वाटते. दारू सोडणे, सोमवारी आरतीला एकत्र जमणे, लहानथोर प्रत्येकाला ‘आप’ म्हणून संबोधणे, एवढेच तिचे विधी. तिला पुरोहित लागला नाही, अग्नीचे आधान लागले नाही. ज्यांना सावकार आणि कारकून एकेरीत हाक मारत, त्यांनी एकमेकांना आदराने हाक मारली, आणि हजारोंच्या संख्येने लोक जमू लागले. बादरींचा पक्ष ग्रंथात हरला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी तो, कोणी त्याचे नावही न घेता, आचरणात उतरला. इच्छा आहे एवढ्यावर त्यांनी अधिकार मानला, आणि सामर्थ्य मागाहून आले. वर्षानुवर्षांचे व्यसन सोडणे याहून मोठे सामर्थ्य कोणते असते?

म्हणून जेव्हा एखादा शिकलेला गृहस्थ अक्राणी महालातल्या आश्रमशाळेच्या मुलांविषयी म्हणतो की यंत्राचे काम या मुलांना झेपणार नाही, तेव्हा माझा संताप अनावर होतो. त्याने वजन केलेले नसते, फेरे मोजलेले नसतात, केवळ सनद पाहिलेली असते. आणि तितक्याच तळमळीने मी त्या दुसऱ्या गृहस्थालाही विरोध करीन, जो समतेच्या उत्साहात त्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी दहा सीसीचे इंजिन देईल. त्याचा हेतू निर्मळ असतो, पण पहिल्याच अपघातानंतर मुलाने ही विद्या सोडली तर त्या पहिल्या गृहस्थाचे म्हणणे खरे ठरवण्याचे पाप त्याच्या माथी येते.

अक्राणीतील धडगावच्या अशा मुलाला आज कोणते इंजिन द्यावे, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर निश्चित आहे. ग्लो इंजिन देऊ नये. त्याचे इंधन मिथेनॉलचे, ते विषारी असल्याने विक्रीवर निर्बंध आहेत आणि तालुक्याच्या गावी ते मिळण्याची शाश्वती नाही. त्याचा नीडल व्हॉल्व्ह जुळवायला शेजारी कोणी जाणता लागतो. त्या मुलाने दीड किलोच्या आतबाहेरचे फोमचे उंचपंखी विमान करावे, दर किलोला दोनशे वॉटच्या हिशेबाने तीनशे वॉटची ब्रशलेस मोटर घ्यावी, तीन सेलची 11.1 व्होल्टची बॅटरी जोडावी आणि दहा किंवा अकरा इंची कमी पिचचा प्रॉपेलर लावावा. एका भारात सहा-सात मिनिटांचे उड्डाण मिळेल, जे नवशिक्याच्या एकाग्रतेला पुरेसे असते. मोटर विरळ हवेत गुदमरत नाही, म्हणून डोंगरातही ती हाताला आज्ञाधारक राहील. प्रॉपेलरची ओढ मात्र तेथे घटेल, तेवढे त्याला आधी सांगून ठेवावे. आणि विमान निर्धोक उतरवता येऊ लागल्यावर तो मुलगा जेव्हा मोठ्या इंजिनाची मागणी करील, तेव्हा ती मोजून पाहावी: त्याचा हात पाहावा, त्याने बांधलेल्या नव्या विमानाची फायरवॉल ठोकून पाहावी, वजन काट्यावर ठेवावे. तो कोणत्या पाड्यावरून आला हे त्या वेळी विचारण्याचे कारण नाही.